पहिला चीक बाळाच्या मुखी

गेल्या पावसाळ्यात निपाणीकडच्या एका शेतकऱ्याच्या घरी गेलो होतो. पहाटेच म्हैस व्याली होती. वार पडण्याची वाट न पाहता घरधन्याने रेडकाला कासेला लावले होते. “फादर, चीक वेळेवर पोटात गेला नाही तर रेडकू तग धरत नाही,” तो म्हणाला. त्याचे म्हणणे अगदी बरोबर होते.

आत त्याची सून चार दिवसांच्या बाळाला घेऊन बसली होती. बाळाला मध चाटवला होता, गूळपाणी पाजले होते. आईचे पहिले पिवळे दूध ‘बाळाला पचत नाही’ म्हणून पिळून टाकले होते. आता बाळ नीट ओढत नव्हते आणि आई रडत होती.

बंधुभगिनींनो, गोठ्यात जे आपल्याला कळते, ते माजघरात का कळू नये?

आईचे पहिले घट्ट, पिवळसर दूध म्हणजे बाळाचा चीक. तो थोडाच येतो, पण बाळाचे पोटही लहान असते, म्हणून तेवढा पुरतो. त्यात रोगाशी झगडणारी द्रव्ये आणि अ जीवनसत्त्व असते. त्याने बाळाची पहिली काळी शी लवकर पडते. बाळ ओढू लागले की आईचे गर्भाशय आकुंचन पावते आणि रक्तस्राव कमी होतो.

म्हणून जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे. बाळाला कोरडे पुसावे, पण लगेच आंघोळ घालू नये. आईच्या उघड्या छातीवर पालथे ठेवून दोघांवर पांघरूण घालावे. बाळ स्वतःच स्तन शोधू लागते. नुसते बोंड नव्हे, तर भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात जावा. सिझेरियन झाले असले तरी नर्सबाईंच्या मदतीने पाजता येते. नंतर दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजावे. मध, गूळपाणी, गुटी काही देऊ नये. मधातून तान्ह्या बाळाला गंभीर विषबाधा होऊ शकते. सहा महिने पाणीसुद्धा नको.

आफ्रिकेतील घाना देशाच्या खेड्यांत सुमारे ११ हजार बाळांची पाहणी झाली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सर्वांना पहिल्या तासात पाजले असते, तर पहिल्या महिन्यात दगावणाऱ्या दर १०० बाळांपैकी सुमारे २२ वाचली असती, असे त्यात दिसले.

मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ती पहिलीच. आईचे दूध न मिळणाऱ्या नाजूक बाळांना तेथे डब्याच्या दुधाऐवजी दुसऱ्या आयांनी दिलेले, निर्जंतुक केलेले दूध मिळू लागले. इतके मोलाचे दूध आपण घरी पिळून टाकावे काय?

त्या सुनेच्या मदतीला आशाताई धावून आल्या. आधी बाळाला दवाखान्यात दाखवले. मग आईला पाठीला टेकून बसवले आणि बाळाला नीट धरायला शिकवले. काढलेले दूध पहिले दोन दिवस वाटी-चमच्याने पाजले. आठवड्याभरात बाळ पोटभर पिऊ लागले.

हा निर्णय बहुधा एकट्या बाळंतिणीचा नसतो; तो आजी, सासूबाई आणि घरधनी यांचा असतो. सातवा महिना लागला की घरात बसून हे ठरवून टाका. बाळ सुस्त पडले, अंग गार लागले किंवा ओढेनासे झाले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठा.