प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच टाईप करा!
पनवेलच्या शिक्षक मंडळींनो, वर्गात दृष्टिहीन मूल असेल तर शाळेच्या विंडोज संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, टाकाच. फुकट आहे, मराठीही वाचतो. मायकेल करन या अंध ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो बनवायला घेतला. आवाज जरा यांत्रिक आहे, पण सवय होते.

खरी मेख फॉन्टमध्ये आहे. कृतिदेवमध्ये टाईप केलेली प्रश्नपत्रिका आपल्याला मराठी दिसते, पण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच असतात. मग ‘भूगोल’च्या जागी एबीसीडीची खिचडी ऐकू येते! युनिकोडमध्ये मात्र ती संगणकालाही मराठी अक्षरंच असतात. स्कॅन केलेलं पान तर नुसतं चित्र. ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं, केल्याशिवाय त्यातलं अक्षरही वाचलं जात नाही.

अँड्रॉइड मोबाईलवर टॉकबॅक हा स्क्रीन रीडर वापरा. वाचनासाठी ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालयही आहे, २०१६ पासून.