रस्त्यावरचा उजेड – लेखांक ६ : चावी फिरताच झोत आधी खाली का जातो?

पुढच्या दिव्यांची पातळी आपोआप राखणारी यंत्रणा ज्या मोटारींत असते, त्यांपैकी अनेकींत गाडी सुरू करताच, किंवा काहींत दिव्यांचा स्विच लावताच, समोरच्या भिंतीवर पडलेला प्रकाशाचा पट्टा आधी सरळ खाली उतरतो, क्षणभर तळाशी थांबतो आणि मग वर येऊन एका ठरावीक उंचीवर स्थिरावतो. हा प्रकार दोन-तीन सेकंदांत आटोपतो आणि दिवसा कुणाच्या लक्षातही येत नाही. परंतु रात्री बंद फाटकासमोर गाडी उभी असली की नवखा मालक त्याला बिघाड समजतो आणि विक्रेता तोच गाडीचा डामडौल म्हणून खपवतो. दोन्ही समज चुकीचे आहेत. दिव्यामागे बसवलेल्या छोट्या मोटरला आपण नेमक्या कोठे आहोत हे ठाऊक नसते, आणि ते शोधून काढण्याचा तिच्यापाशी एवढा एकच मार्ग असतो.

मंद झोताला, म्हणजे बोलीत ज्याला डिपर म्हणतात त्या प्रकाशाला, वरून कापल्यासारखी स्पष्ट कड असते. कडेखाली भरपूर उजेड आणि कडेवर जवळपास अंधार. भारतात वाहने डावीकडून चालत असल्यामुळे ही कड उजवीकडे, समोरून येणाऱ्याच्या बाजूला, आडवी राहते आणि डावीकडे साइडपट्टी व फलक दिसावेत म्हणून थोडी वर चढते. आडवा भागही अगदी क्षितिजसमांतर नसतो, तो किंचित खाली कललेला असतो, आणि हा कल टक्क्यांत मोजतात: १ टक्का कल म्हणजे दर १० मीटर अंतराला कड १० सेंटिमीटर खाली येणे. दिवा जमिनीपासून ७० सेंटिमीटर उंच असेल, तर १ टक्का कलाने कड ७० मीटरवर रस्त्याला टेकते. साध्या कारला मूळचा कल १ ते १.५ टक्के एवढाच दिलेला असतो, त्यामुळे गाडीचे तोंड थोडेसे वर झाले तरी सारे गणित बिघडते.

ते किती सहज बिघडते, हे कोपरगावातून जाणाऱ्या नगर–मनमाड महामार्गावर कोणत्याही रात्री पाहावे. शिर्डीला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बहुधा भरलेल्या असतात: मागच्या आसनावर तीन-चार माणसे आणि डिकीत सामान. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर २.५ मीटर धरले आणि मागची बाजू पुढचीपेक्षा ५ सेंटिमीटर अधिक दबली, तर गाडीचे तोंड २ टक्क्यांनी उचलले जाते. मूळचा १ टक्का कल पुसला जाऊन कड उलट १ टक्का वर उठते, आणि ५० मीटरवर ती जमिनीपासून १.२ मीटर उंचीवर, म्हणजे समोरच्या कारचालकाच्या डोळ्यांच्या आसपास पोहोचते. चालकाने दिवे डिपरवरच ठेवलेले असतात, त्याची काहीच चूक नसते, तरी समोरचा त्याला अप्पर लावून पळणारा समजून शिव्याशाप देतो.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०६ याच गोष्टीचा विचार करतो. दिव्यापासून ८ मीटर पुढे, दिव्याच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि जमिनीपासून १.५ मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाला झोताने दिपवता कामा नये, असे तो सांगतो. नियमातला माणूस मात्र एका जागी उभा आहे, आणि गाडीतला भार रोज बदलतो. अनेक गाड्यांत यावरचा उपाय म्हणून स्टिअरिंगजवळ ० ते ३ किंवा ४ आकड्यांची एक चकती दिलेली असते. भार वाढेल तसा आकडा वाढवून झोत खाली आणावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात ही चकती बऱ्याच गाड्यांत कारखान्यातून निघाल्यापासून शून्यावरच राहते. माणसाच्या आठवणीवर विसंबणाऱ्या सुरक्षा-साधनाचे बहुधा असेच होते. १९९१ मध्ये झेनॉन दिवे बाजारात आल्यावर हा प्रश्न तीव्र झाला, कारण साधा हॅलोजन दिवा सुमारे १५०० ल्युमेन, म्हणजे प्रकाशाची तेवढी एकके देतो, तर झेनॉन नळी ३२०० च्या घरात. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या चौकटीतील ४८ क्रमांकाच्या विनियमाने मंद झोताचा प्रकाशस्रोत २००० ल्युमेनपेक्षा प्रखर असेल तर पातळी आपोआप राखणे बंधनकारक केले.

या स्वयंचलित यंत्रणेचे डोळे गाडीखाली असतात. मागच्या धुऱ्याजवळ, आणि काही गाड्यांत पुढेही, एक संवेदक बसवलेला असतो. त्याचा छोटा दांडा सस्पेन्शनच्या हलत्या भागाला जोडलेला असतो आणि गाडीचे अंग धुऱ्याकडे किती दबले हे तो दांड्याच्या कोनावरून नियंत्रकाला कळवतो. येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा संवेदक गवंड्याच्या पाणसळीसारखा क्षितिज मोजत नाही, तो केवळ गाडीचे अंग आणि चाके यांमधील अंतर मोजतो. त्यामुळे चंदनापुरी घाटाच्या चढावर दिव्यांनी आपोआप खाली वळावे ही अपेक्षा मुळातच गैरलागू आहे. साधी, म्हणजे स्थितिक, यंत्रणा गाडी उभी असताना भार पाहते आणि धावताना लांब सरासरी घेऊन सावकाश सुधारणा करते, म्हणजे ब्रेक किंवा खड्डा यांमुळे होणारे क्षणिक झोके ती मुद्दाम दुर्लक्षिते. गतिक यंत्रणा हे झोकेही क्षणार्धात भरून काढते. कोपरगाव तालुक्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर कारला १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि त्या वेगाला ७० मीटर उजेड जेमतेम दोन सेकंदांचा असतो. तेथे झोत नाक खुपसून खाली गेला, तर तो अवधी निम्म्यावर येण्यास वेळ लागत नाही.

आता पुन्हा त्या मोटरकडे. दिव्यातील परावर्तक किंवा भिंग वर-खाली कलवण्यासाठी जी मोटर वापरतात, ती पुष्कळदा स्टेपर प्रकारची, म्हणजे विजेच्या प्रत्येक ठोक्याला ठरावीक अंशाने फिरणारी असते. ती एक स्क्रू फिरवते आणि स्क्रूच्या टोकाची दांडी परावर्तकाला ढकलते. नियंत्रक ठोके मोजतो आणि मोजणीवरून स्थान मानतो, स्थान प्रत्यक्ष पाहणारे साधन तेथे नसते. गाडी बंद असताना हादऱ्याने, दिव्याच्या कामात किंवा बॅटरी काढल्यावर हे मानलेले स्थान आणि खरे स्थान यांत फरक पडू शकतो. अंधाऱ्या खोलीत वाट चुकलेला माणूस जसा आधी भिंत गाठतो आणि तेथून पावले मोजतो, तसेच नियंत्रक करतो: संपूर्ण पल्ल्याला पुरून उरतील इतके ठोके देऊन तो मोटरला खालच्या अडथळ्यापर्यंत नेतो, उरलेले ठोके तेथेच वाया जातात, कधी बारीक टकटकही ऐकू येते, आणि त्या जागेला शून्य मानून संवेदकाने सांगितलेल्या उंचीपर्यंत तो झोत वर आणतो. वळणाबरोबर फिरणारे दिवे असतील तर हाच प्रकार डावीकडे-उजवीकडेही होतो. ज्या गाड्यांत मोटरबरोबर स्थान मोजणारे साधन असते त्यांना ही कवायत लागत नाही. १९६७ मध्ये सित्रोएन डीएस या फ्रेंच गाडीच्या बाहेरील दिव्यांची पातळी थेट सस्पेन्शनशी जोडली होती, तेव्हा हरवायला शून्यच नव्हते.

शून्य वरच्या अडथळ्यावरही शोधता आले असते. ते खाली शोधण्याचे कारण उघड आहे. वर गेलेला झोत त्या दोन सेकंदांतही समोरच्याला आंधळे करू शकतो. ४८ क्रमांकाच्या विनियमातही हीच दिशा आहे: बिघाड झाला तर बिघाडाच्या क्षणी जेवढा कल होता त्यापेक्षा झोत वर जाता कामा नये. मात्र हा न्याय समोरच्याला अभय देतो, स्वतःच्या चालकाला नव्हे. झोत २.५ टक्क्यांवर अडकला तर कड २८ मीटरवरच जमिनीला टेकते, आणि ताशी ८० किलोमीटर वेगात कोरड्या रस्त्यावर थांबायला, एक सेकंद भानावर येण्याचा धरून, ५५ ते ६० मीटर लागतात. कोळपेवाडी आणि सहजानंदनगर येथील साखर कारखान्यांचा हंगाम सुरू असताना, मागे दिवा नसलेली उसाची ट्रॉली रस्त्यात उभी असेल, तर हा फरक किती महाग पडेल हे वेगळे सांगायला नको.

म्हणून सुरुवातीची ही हालचाल मालकाने रोज फुकट होणारी तपासणी मानावी. दोन्ही झोत एकदमच खाली जाऊन वर आले पाहिजेत; एकच हलला तर त्या बाजूची मोटर किंवा वायरिंग पाहावे. दोन्ही खाली जाऊन तेथेच राहिले आणि डॅशबोर्डवर इशारा लागला, तर संशय बहुधा संवेदकावर जातो, आणि त्यातही त्याच्या बारीक दांड्यावर, कारण काळ्या मातीचा चिखल सांध्यात वाळला की सांधा जाम होतो आणि पुढच्याच खड्ड्यात दांडा मोडतो किंवा निखळतो. हालचाल पूर्णपणे ठीक असूनही झोत चुकीच्या उंचीवर राहणे, ही मात्र फसवी अवस्था आहे. संवेदक नवा घातला, स्प्रिंगा बदलल्या किंवा गाडी उंच करून घेतली, तर मोटर आपले शून्य बरोबर शोधते, पण नियंत्रकाच्या स्मृतीत भाररहित गाडीची जुनीच उंची राहते. ती नव्याने शिकवण्यासाठी चाकांतली हवा बरोबर करून रिकामी गाडी सपाट फरशीवर उभी करावी लागते, स्कॅनरने मूळ स्थिती नोंदवावी लागते, आणि त्यानंतर बीम सेटरच्या पडद्यावर दोन्ही दिव्यांची कड स्क्रूने जुळवावी लागते. हा क्रम उलटा केला, तर आधी जुळवलेली कड स्कॅनर लावताच पुन्हा हलते.