योजकांची वाण

संस्कृतात ‘योजक’ असा एक अर्थपूर्ण शब्द आहे. वस्तूचा गुण ओळखून ती योग्य स्थळी लावतो, तो योजक. जगात गुणांचा दुष्काळ नाही. दुष्काळ आहे तो योजकांचा, असे आपले पूर्वज मानीत. हे तत्त्व आपण शाळेत घोकतो आणि व्यवहारात विसरतो. अमेरिकेतील व्यापारशिक्षणाच्या इतिहासात या तत्त्वाचा प्रत्यय आणून देणारी एक हकीकत आहे. ती सुविद्य वाचकांपुढे ठेवावी, एवढ्याच हेतूने हा लेखनप्रपंच.

नेलर फिट्झह्यू हे वॉशिंग्टन नगरीतील एक कृष्णवर्णीय गृहस्थ. १९०९ साली त्यांचा जन्म झाला. वयाच्या सोळाव्या वर्षी शिष्यवृत्ती मिळवून ते हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाले आणि १९३३ साली तेथील व्यवस्थापनशास्त्राची पदव्युत्तर पदवी त्यांनी संपादन केली. अशी पदवी मिळविणाऱ्या गोऱ्या तरुणास मोठमोठ्या पेढ्या पायघड्या घालीत. फिट्झह्यूंस मात्र एकाही मोठ्या पेढीत त्यांच्या योग्यतेची जागा मिळाली नाही. उणीव विद्येची नव्हती. आड आला तो कातडीचा रंग. अखेर १९३४ साली ते हॉवर्ड विद्यापीठात अध्यापक झाले आणि तेथे त्यांनी एकतीस वर्षे विद्यादान केले. ज्या दारातून आपणांस आत घेतले नाही, त्या दाराशी ते शिष्यांच्या पिढ्या तयार करून पाठवीत राहिले.

या शिष्यांपैकी एक लिलियन लिंकन. व्हर्जिनियातील एका शेतकरी कुटुंबात वाढलेली ही मुलगी न्यूयॉर्क शहरात परक्या घरी मोलकरणीचे काम करून मग शिक्षणाकडे वळली. फिट्झह्यूंनी तिची कुवत हेरली आणि हार्वर्डला जाण्याचा आग्रह धरला. १९६७ साली ती तेथे दाखल झाली, तेव्हा शेकडो विद्यार्थ्यांच्या त्या वर्गात कृष्णवर्णीय अवघे सहा होते.

ही संख्या इतकी अल्प असण्याने काय बिघडते, हे समजण्यास तेथील शिक्षणपद्धती ध्यानी घेतली पाहिजे. तेथे व्याख्याने उतरवून घ्यावयाची नसतात. एखाद्या कारखान्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिलेला पेचप्रसंग विद्यार्थ्यांच्या हाती देतात. ते लहान लहान मंडळांत बसून आधी त्याचा खल करतात आणि मग भर वर्गात वाद घालतात. वर्गातील या बोलण्यावरही गुण मिळतात. जो एकटा पडला, त्यास आधीच्या खलबतात वाटा मिळत नाही आणि वर्गात तोंड उघडण्याचा धीर होत नाही. तात्पर्य, तो उपस्थित असूनही शिक्षणास मुकतो.

लिलियन आणि तिचे चार सहाध्यायी गप्प बसले नाहीत. ते थेट अधिष्ठात्यांकडे गेले. आणखी कृष्णवर्णीय विद्यार्थी घ्या, त्यांस अर्थसाहाय्य द्या, अशी मागणी त्यांनी केली. १९६८ साली त्यांनी आपला संघ स्थापन केला आणि नवे विद्यार्थी शोधण्याच्या कामी स्वतः लागले. लगेच पुढील प्रवेशवर्षी त्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. १९६९ साली लिलियन ती पदवी मिळविणारी पहिली कृष्णवर्णीय स्त्री ठरली. १९७६ साली तिने घराच्या मोटारखान्यात इमारतींच्या स्वच्छतेचा व्यवसाय मांडला. पुढे त्याच व्यवसायात हजारांवर माणसे कामाला होती.

याच सुमारास सेंट लुइस येथे दुसरा एक योजक पुढे आला. वॉशिंग्टन विद्यापीठातील प्राध्यापक स्टर्लिंग शोन यांनी १९६६ साली इंडियाना व विस्कॉन्सिन या विद्यापीठांस सोबत घेऊन एक सहकारी संस्था उभारली. वर्णभेदास नोकरीत मज्जाव करणारा कायदा १९६४ सालीच झाला होता. परंतु कायद्याने दार उघडले तरी आत जाण्यास सिद्ध असे व्यवस्थापक हवे होते. १९६७ साली पहिले एकवीस कृष्णवर्णीय तरुण या योजनेतून शिकू लागले. योजनेची अंगे तीन. पहिले, शुल्काची पूर्ण शिष्यवृत्ती. दुसरे, एकाच अर्जाने अनेक विद्यापीठांकडे जाण्याची सोय. तिसरे, आमच्या मते सर्वांत मोलाचे, अभ्यासक्रमापूर्वीचा परिचयवर्ग. तेथे विद्यार्थी एकमेकांस भेटतात आणि नोकरी देणाऱ्या पेढ्यांच्या अधिकाऱ्यांशीही त्यांची ओळख होते. आज वीसहून अधिक विद्यापीठे या संस्थेत असून तिचे माजी विद्यार्थी दहा हजारांवर आहेत.

यावर आक्षेपही आहेत. वर्ण पाहून प्रवेश देणे हा गुणवंतांवर अन्याय नव्हे काय? २०२३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्डच्याच खटल्यात अशा प्रवेशपद्धतीविरुद्ध निर्णय दिला. सेंट लुइसच्या संस्थेने आपले दार तत्पूर्वीच सर्व वर्णांच्या उमेदवारांस खुले केले होते. अट एवढीच, की वंचितांस पुढे आणण्याच्या कार्याशी त्यांची बांधिलकी असावी.

आमच्या घरांतूनही ‘गुणवत्ता’ हा शब्द मोठ्या आदराने उच्चारला जातो, आणि तो आदर योग्यच आहे. पण आमच्या मुलांस कोणता अर्ज केव्हा भरावा हे सांगणारा मामा होता, मुलाखतीची तयारी करून घेणारे शेजारचे बँकेतील काका होते. हा परिचयवर्ग आमच्या ओसरीवर फुकट भरत असे, म्हणून त्यास आम्ही कधी ‘सवलत’ म्हटले नाही. मुंबईच्या बागेत वाचीत बसणाऱ्या भीमराव आंबेडकरांस अशी ओसरी नव्हती. त्यांस कृष्णाजी अर्जुन केळुसकर या शिक्षकाने हेरले आणि सयाजीराव महाराजांपर्यंत नेले. १९१३ साली महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेले.

केळुसकर गुरुजींचे स्मरण झाले की आम्हांस स्वतःची लाज वाटते. आमच्या वर्गात एका हमालाचा मुलगा होता. व्याजाची आणि नफातोट्याची गणिते तो कागदास हात न लावता सोडवी. वाणिज्य शाखेच्या एका शिष्यवृत्तीसाठी दोन नावे सुचविण्याचे काम आम्हांकडे आले. आम्ही दिलेली दोन्ही नावे हुशार मुलांचीच होती. पण त्या दोघांचे वडील आमच्या परिचयाचे होते. हमालाचा मुलगा त्या दिवशी आम्हांस आठवलाच नाही. द्वेष नव्हता, कपट नव्हते; केवळ आठवण झाली नाही. पुढे पुष्कळ वर्षांनी तो भाजीबाजारात भेटला. बापाचेच काम करीत होता. “सर, पिशवी जड आहे, द्या इकडे,” असे म्हणून त्याने ती रिक्षापर्यंत आणून दिली. पैसे घेतले नाहीत.

वाचक बंधुभगिनींनो, शिष्यवृत्त्या आणि विद्यापीठे उभारणे आपणां सर्वांच्या आवाक्यातील नाही. पण आपल्या ओसरीवर जे फुकट मिळते, ते आपल्या नात्यागोत्याबाहेरच्या एका तरी मुलास द्यावे. भांडी घासावयास येणाऱ्या बाईस एकदा विचारावे, की तुझी मुलगी कितवीत आहे आणि पुढे काय शिकावयाचे म्हणते. अर्जाची मुदत संपण्यापूर्वी विचारावे, म्हणजे झाले.