चौकट : सिनेमा, गाणी आणि ‘सांस्कृतिक अपवाद’

म्हणजे काय? चित्रपट, संगीत, पुस्तके यांना खुल्या व्यापाराच्या नियमांतून वगळावे, ही भूमिका. १९९३च्या ‘गॅट’ या जागतिक व्यापार कराराच्या वाटाघाटींत फ्रान्सने ती लावून धरली. अमेरिकेचा विरोध होता. तिच्या लेखी चित्रपट ही इतर मालासारखीच निर्यात.

फ्रान्स : १९९४च्या तूबाँ कायद्याने जाहिराती, करार, वस्तूंवरची माहिती यांत फ्रेंच सक्तीची. १९९६पासून रेडिओवरील गाण्यांत किमान ४० टक्के फ्रेंच गाण्यांचा नियम लागू. पुढे काही सवलती.

कॅनडा : रेडिओवर ‘कॅनेडियन’ संगीताचा वाटा १९७१पासून ठरलेला. गाणे कॅनेडियन ठरवताना संगीतकार, गायक, ध्वनिमुद्रणाचे ठिकाण, गीतकार हे चार निकष.

दक्षिण कोरिया : चित्रपटगृहांत वर्षाला १४६ दिवस देशी चित्रपट बंधनकारक होते. अमेरिकेशी मुक्त व्यापार कराराच्या बोलण्यांआधी, २००६ मध्ये, हे दिवस ७३ करायचे ठरले. कलावंत रस्त्यावर उतरले. २०२० मध्ये ‘पॅरासाइट’ या कोरियन चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर, इंग्रजीबाहेरच्या चित्रपटाला हा मान पहिल्यांदाच.

युनेस्को : दोन करारांची गल्लत होते. २००३चा करार लोककला, सण, कौशल्ये अशा अमूर्त वारशासाठी. २००५चा करार सांस्कृतिक वस्तू व सेवांसाठी. बाजूने १४८ मते, विरोधात दोनच : अमेरिका आणि इस्रायल. २००७पासून अमलात, भारत सदस्य.

महाराष्ट्र : २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना ‘प्राइम टाइम’मध्ये मराठी चित्रपट दाखवण्याची सक्ती जाहीर झाली. वादानंतर हा ‘प्राइम टाइम’ दुपारी १२ला सुरू झाला!