ताटातील औषध आणि मात्रेचा विवेक

आरोग्य हीच खरी संपत्ती, हे वचन आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मात्र संपत्तीच्या बाबतीत आपण जितके सावध असतो, तितके आरोग्याच्या बाबतीत असतोच असे नाही. एखाद्या अपरिचित संस्थेने जादा व्याजाचे आमिष दाखविले, तर आपण दहा प्रश्न विचारतो. तेच एखादा रस किंवा चूर्ण ‘पूर्णपणे नैसर्गिक’ आहे असे कोणी सांगितले, की एकही प्रश्न न विचारता पेला ओठांना लावतो.

राजधानी दिल्लीत आणि नोएडा, गुरुग्राम, गाझियाबाद या लगतच्या शहरांत पहाटे फिरावयास जाणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. उद्यानांच्या प्रवेशद्वारांशी दुधी, कारले, आवळा, कोरफड यांच्या ताज्या रसांच्या गाड्या उभ्या असतात. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी शाखेत येणारे ज्येष्ठ ग्राहकही रांगेत बसल्या बसल्या एकमेकांना मधुमेहावर कारले, हृदयासाठी दुधी आणि सांधेदुखीवर हळद असे उपाय सुचवीत असतात. या सल्ल्यांमागे सद्भावना असते आणि थोडेफार तथ्यही असते. हे तथ्य किती आणि त्याची मर्यादा कोणती, याचा विचार करणे हा या लेखाचा हेतू आहे.

वनस्पती रसायने का निर्माण करतात?

पिष्ट, प्रथिने, स्निग्ध पदार्थ, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांखेरीज फळांत व भाज्यांत आणखी हजारो द्रव्ये असतात. शास्त्रज्ञ त्यांना फायटोकेमिकल्स म्हणतात. आपण त्यांना वनस्पतिजन्य रसायने म्हणू. टोमॅटोचा लाल रंग लायकोपीनमुळे येतो, जांभळाचा गडद रंग अँथोसायनिनमुळे, तर हळदीचा पिवळेपणा कर्क्युमिनमुळे. मोहरीचा झणका, लसणाचा दर्प, कारल्याचा कडूपणा आणि चहाचा तुरटपणा हीदेखील अशाच रसायनांची ओळख होय.

वनस्पतीने ही रसायने आपल्यासाठी निर्माण केलेली नाहीत, ही गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. झाडाला पळून जाता येत नाही. कीड, बुरशी, चरणारी जनावरे आणि प्रखर ऊन यांपासून बचाव करण्यासाठी, तसेच परागीभवन करणाऱ्या कीटकांना आकर्षित करण्यासाठी ते ही द्रव्ये घडविते. त्यांपैकी काही माणसाच्या शरीरास अल्प प्रमाणात हितकर ठरतात, काही निरुपद्रवी असतात, तर काही सरळसरळ विषारी असतात. ‘नैसर्गिक’ या शब्दावरून यांपैकी कोणत्या द्रव्याशी आपली गाठ आहे, हे कळत नाही.

दुधीने दिलेला धडा

आपण ज्याला दुधी भोपळा म्हणतो, त्यास दिल्लीत लौकी किंवा घिया म्हणतात. पथ्याची म्हणून ओळखली जाणारी ही भाजी सौम्य आणि पचावयास हलकी असते. २०१० साली दिल्लीतील एका गृहस्थांचा दुधी आणि कारले यांचा एकत्र रस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, तेव्हा अनेकांना धक्का बसला. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने तज्ज्ञांची समिती नेमली. समितीचा अहवाल २०१२ साली परिषदेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या विषबाधेच्या मुळाशी कुकुर्बिटासिन नावाचे कडू रसायन असते. दुधी, काकडी, भोपळा, कलिंगड या साऱ्या वेलवर्गीय कुळात ते आढळते. रानटी वाणांत त्याचे प्रमाण मोठे असते. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या गोड फळांचे बी राखून लागवडीच्या वाणांतून ते जवळजवळ नाहीसे केले. तरीही एखाद्या वेलीवर, विशेषतः पाण्याचा ताण किंवा तीव्र उष्णता असताना, कडू फळ निपजते. अशा फळाचा पेलाभर रस पोटात गेला, तर पोटदुखी, उलट्या, जुलाब, रक्ताची उलटी आणि रक्तदाब एकाएकी उतरणे अशी लक्षणे दिसतात. या विषावर कोणताही विशिष्ट उतारा उपलब्ध नाही. लक्षणांनुसार उपचार करणे एवढेच डॉक्टरांच्या हाती असते.

समितीच्या सूचना साध्या आहेत. रस काढण्यापूर्वी दुधीचा लहानसा तुकडा चाखून पाहावा. तो कडू लागला, तर संपूर्ण फळ टाकून द्यावे. दुधीच्या रसात अन्य कोणताही रस मिसळू नये. तो प्यायल्यानंतर मळमळ, उलटी, जुलाब किंवा अस्वस्थता जाणवली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

रस न मिसळण्याच्या सूचनेचे महत्त्व सहज पटण्याजोगे आहे. कारल्याचा कडूपणा स्वाभाविक असतो. दुधीचा कडूपणा हा धोक्याचा इशारा असतो. दोन्ही एकत्र केले, की तो इशारा ऐकूच येत नाही. पुदिना, आले, लिंबू आणि काळे मीठ घातल्यानेही हेच घडू शकते. भाजी करतानादेखील हा नियम पाळावा, कारण हे रसायन शिजविल्याने नष्ट होत नाही. ‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ ही म्हण येथे कडू दुधीला तंतोतंत लागू पडते. आपल्या घरांतून काकडीचे टोक कापून घासण्याची आणि पहिली चकती चाखून पाहण्याची रीत आहे. घासण्याने विष उतरेल याचा भरवसा नाही. परंतु चाखण्याची सवय मात्र मोलाची आहे.

तथापि, जीभ प्रत्येक वेळी सावध करीलच असे नाही. विदर्भातील वाचकांना लाखोळी डाळ परिचित असेल. उत्तरेत तिला खेसारी म्हणतात. चवीला ती मुळीच कडू नसते. ती अधूनमधून खाणाऱ्यास सहसा अपाय होत नाही. परंतु दुष्काळात किंवा दारिद्र्यात जेथे महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न ठरली, तेथे तिच्यातील मज्जातंतूंना घातक अशा द्रव्यामुळे धडधाकट माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. मध्य प्रदेशातील रीवा परिसराने हे दुःख मोठ्या प्रमाणावर भोगले आहे. अन्न तेच, परंतु मात्रा आणि सातत्य बदलले, की परिणामही बदलतो.

पुसाच्या शेतात

या विषयाची दुसरी, आशादायक बाजूही दिल्लीतच पाहावयास मिळते. भारतीय कृषी संशोधन संस्था १९०५ साली बिहारमधील पुसा येथे स्थापन झाली. १९३४ च्या भूकंपात तेथील इमारतींची मोठी हानी झाल्यानंतर १९३६ साली ती दिल्लीस आली आणि गावाचे नाव सोबत घेऊन आली. येथील शास्त्रज्ञांनी लायकोपीनने समृद्ध असे ‘पुसा रुधिरा’ हे लाल गाजर, अँथोसायनिनयुक्त ‘पुसा असिता’ हे काळे गाजर आणि बीटा कॅरोटिन असलेला ‘पुसा बीटा केसरी १’ हा नारिंगी फ्लॉवर विकसित केला आहे. बीटा कॅरोटिनपासून आपले शरीर ‘अ’ जीवनसत्त्व तयार करते.

याच संस्थेने मोहरीच्या बाबतीत मात्र उलट दिशेने काम केले. ‘पुसा डबल झीरो मोहरी ३१’ या वाणाच्या तेलात इरुसिक आम्ल आणि पेंडीत ग्लुकोसिनोलेट ही दोन्ही द्रव्ये मुद्दाम कमी केलेली आहेत. उंदरांवरील प्रयोगांत अधिक प्रमाणातील इरुसिक आम्ल हृदयाच्या स्नायूंना अपायकारक आढळले होते, तर अधिक ग्लुकोसिनोलेट असलेली पेंड जनावरांना मानवत नाही. गंमत अशी, की कोबी आणि ब्रोकोली यांतील ग्लुकोसिनोलेटांपासून बनणाऱ्या द्रव्यांचा कर्करोग प्रतिबंधाच्या दृष्टीने जगभर अभ्यास चालू आहे. एकाच आवारात एक रसायन वाढविले जाते आणि दुसरे घटविले जाते. वनस्पतिजन्य रसायनांना सरसकट चांगले किंवा वाईट म्हणता येत नाही, याचे याहून बोलके उदाहरण कोणते?

अन्न वेगळे, अर्क वेगळा

फळे आणि भाज्या भरपूर खाणाऱ्यांत हृदयविकार आणि काही प्रकारचे कर्करोग कमी आढळतात, असे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. मग त्यांतील गुणकारी द्रव्य वेगळे काढून गोळीच्या रूपाने घेतले तर? हा प्रश्न फिनलंडमध्ये प्रत्यक्ष पडताळून पाहण्यात आला. धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवरील या अभ्यासाचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी होण्याऐवजी १८ टक्क्यांनी अधिक आढळला. अमेरिकेतील अशाच स्वरूपाचा दुसरा प्रयोग हानीची चिन्हे दिसू लागल्यामुळे जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वी थांबविण्यात आला. गाजर खाणे आणि गाजरातील एका द्रव्याची मोठी मात्रा रोज घेणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत.

हळदीचेही तसेच आहे. हळदीच्या पुडीत कर्क्युमिन साधारणतः ३ टक्के असते आणि शरीरात ते फारच थोडे शोषले जाते. मिऱ्यातील पिपरिन सोबत असल्यास त्याचे शोषण अनेक पटींनी वाढते, असे बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. या शोधाच्या आधारे हळदीचा तीव्र अर्क आणि पिपरिन एकत्र असलेल्या गोळ्या बाजारात आल्या. अशा गोळ्या घेणाऱ्या काहींच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी अलीकडे युरोपात आणि अमेरिकेत झाल्या आहेत. वरणातील चिमूटभर हळदीविषयी मात्र अशी चिंता बाळगण्याचे कारण नाही.

औषधे चालू असतील तर

ज्येष्ठ वाचकांनी विशेष लक्ष द्यावे असा आणखी एक मुद्दा आहे. मधुमेहावरील गोळ्या चालू असताना मेथीचे चूर्ण किंवा कारल्याचा रस मोठ्या प्रमाणात घेतल्यास रक्तातील साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. आपल्या पपनसाचे भावंड असलेले ग्रेपफ्रूट काही औषधांचे विघटन रोखते. त्यामुळे त्या औषधांचे रक्तातील प्रमाण वाढते. कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब यांवरील काही गोळ्या यांत मोडतात. वॉरफरिन घेणाऱ्यांनी पालेभाज्या वर्ज्य करू नयेत. परंतु त्यांचे प्रमाण दर आठवड्यास सारखेच ठेवावे. जेवणासोबत चहा घेतल्यास त्यातील टॅनिनमुळे अन्नातील लोहाचे शोषण घटते, तर जेवताना घेतलेल्या लिंबाच्या फोडीने ते वाढते. रक्तक्षय असलेल्या भगिनींनी एवढा बदल जरूर करावा.

रोजच्या ताटासाठी

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने दररोज सुमारे ४०० ग्रॅम भाज्या आणि १०० ग्रॅम फळे खावीत. हे प्रमाण गाठण्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. हिवाळ्यात दिल्लीच्या बाजारात लाल गाजर, मुळा, मेथी, पालक आणि आवळा मुबलक मिळतो. गाजर आणि टोमॅटो थोड्या तेलातुपात शिजविल्यास त्यांतील रंगद्रव्ये अधिक चांगली शोषली जातात. भाज्यांचे रंग आणि कुळे दररोज बदलावीत. सारी ठेव एकाच ठिकाणी गुंतवू नये, हे आपण ग्राहकांना नेहमी सांगतो. ताटाच्या बाबतीतही तेच खरे आहे. वैविध्यामुळे हितकर द्रव्ये अनेक मिळतात आणि एखादे अपायकारक असलेच, तर त्याची मात्रा मर्यादित राहते.

रस घ्यावयाचाच असेल, तर तो घरी, चाखून आणि थोडाच घ्यावा. चालू औषध परस्पर बंद करून कोणताही रस किंवा चूर्ण सुरू करू नये. डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांच्या यादीत आपले काढे, रस आणि चूर्णे यांचाही उल्लेख करावा. ‘अति तेथे माती’ हे आपल्या पूर्वजांनी अनुभवातून सांगितले आणि प्रयोगशाळांनी त्यास दुजोरा दिला आहे. उद्या सकाळी दुधी चिरताना त्याचा एक तुकडा अवश्य चाखून पाहा, एवढीच वाचकांना विनंती.