पुत्युल : जेथे पौलास बंधुजन भेटले

प्रेषितांची कृत्ये 28:13-14 यांत उल्लेखिलेले पुत्युल बंदर म्हणजे दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरील, नेपल्सच्या पश्चिमेचे आजचे पोत्सुओली नगर होय. इ. स. पूर्व सहाव्या शतकात सामोस बेटावरील ग्रीकांनी ते वसविले. इ. स. पूर्व 194 मध्ये तेथे रोमन वसाहत झाली. मिसर देशाचे धान्य रोमसाठी याच बंदरात उतरत असे. पौलही आलेक्सांद्रियाच्याच तारवातून येथे आला.

ज्वालामुखीच्या प्रदेशातील ही भूमी कधी खचते, तर कधी वर येते. प्राचीन बाजारपेठेचे तीन संगमरवरी स्तंभ याची साक्ष देतात : सागरी शिंपल्यांनी पोखरलेली त्यांवरील छिद्रे आज जमिनीपासून कित्येक मीटर उंचीवर दिसतात. रियोने तेर्रा या टेकडीवरील प्रधान मंदिरास 1964 मध्ये आग लागली, तेव्हा भिंतींत दडलेले रोमन देवालयाचे स्तंभ उघडे पडले. 1970 मध्ये भूमीच्या हालचालीमुळे ती वस्तीच रिकामी करावी लागली. मंदिर 2014 मध्ये पुन्हा उपासनेस खुले झाले.

या नगरातील बंधुजनांना सुवार्ता कोणी सांगितली, हे लूक लिहीत नाही. प्रेषिताचे पाऊल लागण्यापूर्वीच तेथे विश्वासणारे होते, एवढे मात्र स्पष्ट आहे. पौल कैदी होता, सोबत शिपायांचा पहारा होता. तरीही त्यांनी त्याला आग्रहाने सात दिवस ठेवून घेतले. आपल्या लहान, विखुरलेल्या मंडळ्यांनी या अनाम बंधुजनांचे स्मरण ठेवावे. बेड्यांतील पाहुण्याला आपले दार उघडे आहे काय?