निवड-परीक्षेच्या निकालाविरुद्ध दाद : नवोदय विद्यालय आणि गोंदिया जिल्हा

जागा थोड्या आणि उमेदवार पुष्कळ अशी स्थिती असली म्हणजे निवड-परीक्षा अपरिहार्य होते. आणि परीक्षा आली की तिच्या निकालाविरुद्ध दाद मागता यावी काय, हा प्रश्नही तिच्यामागोमाग येतो. उमेदवार दहा-अकरा वर्षांचे बालक असेल, तर या प्रश्नास विशेष गांभीर्य प्राप्त होते. कारण तक्रार बालकास करता येत नाही. ती पालकाने करावयाची असते, आणि पालकापाशी निकालाखेरीज दुसरे साधन बहुधा नसते. प्रस्तुत लेखात गोंदिया जिल्ह्यातील जवाहर नवोदय विद्यालयाच्या प्रवेशाचे उदाहरण घेऊन या प्रश्नाची कायदेशीर व शैक्षणिक बाजू तपासावयाची आहे.

१९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ग्रामीण भागातील गुणी मुलांसाठी निवासी व निःशुल्क विद्यालयांची योजना मांडली. तत्पूर्वी १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर व विदर्भातील अमरावती येथे ती प्रयोगादाखल सुरू झालेली होती. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याचे विभाजन होऊन गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे नवोदय विद्यालय अर्जुनी मोरगाव तालुक्यात, नवेगावबांध येथे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १३ लक्ष २२ हजार असून तीपैकी पाच-षष्ठांशाच्या आसपास लोक खेड्यांत राहतात. अशा जिल्ह्यातून सहाव्या इयत्तेसाठी प्रतिवर्षी अधिकात अधिक ८० मुले घेतली जातात. परीक्षा दोन तासांची, ८० प्रश्नांची व १०० गुणांची असते : बौद्धिक क्षमतेस ५०, अंकगणितास २५ व भाषेस २५ गुण. उत्तरे यंत्राने वाचावयाच्या पत्रिकेवर वर्तुळे भरून द्यावयाची असतात. सर्वांत महत्त्वाचा नियम असा की, ही परीक्षा उमेदवारास एकदाच देता येते. पुढे नववीत रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी वेगळी परीक्षा होते खरी. परंतु सहावीचे दार एकदा मिटले की ते पुन्हा उघडत नाही.

निवड-यादीत ज्याचा क्रमांक नाही त्यास त्या यादीवरून एवढेच कळते की आपली निवड झाली नाही. का झाली नाही, हे यादी सांगत नाही. उत्तरपत्रिकांच्या फेरतपासणीची सोय परीक्षेच्या माहितीपत्रकात नाही. येथे पालकाचा पहिला गोंधळ होतो. 'निकाल चुकला' या एका वाक्यात तीन निरनिराळ्या तक्रारी दडलेल्या असतात, आणि त्या वेगळ्या केल्यावाचून कोणतीच पुढे जाऊ शकत नाही. पहिली तक्रार उत्तरपत्रिकेच्या वाचनाची व गुणांच्या बेरजेची. दुसरी आदर्श उत्तरांच्या सूचीची. तिसरी उमेदवाराची गणना कोणत्या वर्गात झाली याची.

पहिल्या तक्रारीबाबत न्यायालयांची भूमिका कालांतराने बदललेली आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक मंडळाच्या प्रकरणात १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की, उत्तरपत्रिका पाहू न देणारा व पुनर्मूल्यांकन नाकारणारा मंडळाचा नियम अवैध नाही. परंतु २००५ मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि २०११ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने तपासलेली उत्तरपत्रिका ही कायद्याच्या अर्थाने 'माहिती' असून ती पाहण्याचा उमेदवारास अधिकार आहे, असा निर्णय दिला. मात्र पाहण्याचा अधिकार म्हणजे पुन्हा तपासून घेण्याचा अधिकार नव्हे, हेही त्याच निर्णयात स्पष्ट केले आहे. शिवाय नियमानुसार ज्या मुदतीपर्यंत पत्रिका जतन करावयाच्या असतात, त्या मुदतीपुरताच हा अधिकार टिकतो. म्हणून येथे विलंब करणे म्हणजे अधिकार गमावणे होय. अर्जाचे शुल्क १० रुपये असते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेही लागत नाही, आणि अर्जाचे कारण सांगावे लागत नाही. उत्तर ३० दिवसांत मिळावयास हवे. न मिळाल्यास किंवा असमाधानकारक मिळाल्यास ३० दिवसांत पहिले अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

दुसरी तक्रार अधिक कठीण आहे. बहुपर्यायी परीक्षेत परीक्षकाचे मत असे उरतच नाही. सारा भार उत्तरसूचीवर पडतो, आणि सूचीतील एक चूक सर्व उमेदवारांच्या क्रमावर परिणाम करते. कानपूर विद्यापीठाच्या प्रकरणात १९८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या बाबतीतील कसोटी घालून दिली. उत्तरसूची बरोबर आहे असे गृहीत धरावे. ती चूक आहे हे स्पष्टपणे सिद्ध झाले, तरच विद्यार्थ्यास त्याचा लाभ द्यावा. त्या प्रकरणात पाठ्यपुस्तकांच्या आधारे काही उत्तरे चुकीची ठरली आणि विद्यार्थ्यांना न्याय मिळाला. सूची निकालाबरोबर प्रसिद्ध केली नसती तर वादच उद्भवला नसता, या विचारसरणीचा न्यायालयाने स्वीकार केला नाही, ही गोष्ट लक्षणीय आहे. २०१७ मध्ये उत्तर प्रदेशातील शिक्षक-निवडीच्या प्रकरणात न्यायालयाने संयमाचा पुन्हा उपदेश केला : न्यायाधीशांनी स्वतः परीक्षक होऊ नये, आणि शंका उरल्यास तिचा लाभ परीक्षा घेणाऱ्या संस्थेस द्यावा. हे दोन निर्णय एकत्र वाचले म्हणजे असे दिसते की, उमेदवाराचे खरे संरक्षण न्यायालयात नसून सूची वेळीच प्रसिद्ध होण्यात आहे. आपल्याच राज्यात याचे उदाहरण आहे. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षेची अंतरिम उत्तरसूची प्रसिद्ध करते, तीवर आक्षेप मागविते, त्यानंतर अंतिम सूची काढते, आणि निकालानंतर गुणपडताळणीचीही सोय ठेवते.

तिसरी तक्रार सर्वांत दुर्लक्षित आहे. परंतु दाद मिळण्याचा संभव तिच्यातच अधिक असतो. नवोदयची निवड एकाच गुणानुक्रमाने होत नाही. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण उमेदवारांसाठी व किमान एकतृतीयांश मुलींसाठी असतात. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग व दिव्यांग यांच्यासाठीही जागा राखून ठेवलेल्या असतात. त्यामुळे सारखेच गुण मिळविलेल्या दोन मुलांपैकी एकाची निवड होणे व दुसऱ्याची न होणे सर्वस्वी नियमाला धरून असू शकते. ग्रामीण म्हणून गणना होण्यासाठी तिसरी, चौथी व पाचवी या तिन्ही इयत्ता ग्रामीण भागातील शाळेत पूर्ण केलेल्या असाव्या लागतात. या काळात एक दिवसही शहरी शाळेत गेला असल्यास उमेदवार शहरी ठरतो. शहरी भाग कोणता, हे २०११ ची जनगणना व तीनंतरच्या सरकारी अधिसूचना यांवरून ठरते. गोंदिया जिल्ह्यात या नियमास धार आहे. देवरी, गोरेगाव, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव ही तालुक्याची गावे एके काळी ग्रामपंचायतींची होती. आज तेथे नगरपंचायती आहेत. शेतातले धान, घरातली स्थिती व शाळेचा फळा काल होता तसाच असताना केवळ एका अधिसूचनेने मुलाचा वर्ग बदलू शकतो. अर्जात काय लिहिले गेले, मुख्याध्यापकांनी काय प्रमाणित केले व संस्थेने काय गृहीत धरले, हे कागदांवरून ताडून पाहता येते. येथे विद्वत्तेच्या मूल्यमापनाचा प्रश्न नसून वस्तुस्थितीचा व नियमाच्या अर्थाचा आहे. आणि अशा प्रश्नात न्यायालये संकोच करीत नाहीत. प्रथम विद्यालयाच्या प्राचार्यांकडे, नंतर समितीच्या पुणे येथील विभागीय कार्यालयाकडे व शेवटी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाकडे, असा हा मार्ग आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यातील कलम ४ नुसार बाधित व्यक्तीस प्रशासकीय निर्णयाची कारणे देणे हे सार्वजनिक संस्थेचे कर्तव्यच आहे.

तुलनेसाठी इंग्लंडकडे पाहावे. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर तेथे अकराव्या वर्षीच्या परीक्षेने मुलांच्या शाळा ठरू लागल्या, आणि निवडक शाळांपैकी १६३ अद्याप टिकून आहेत. तेथे प्रवेश नाकारला गेल्यास पालकास स्वतंत्र मंडळापुढे अपील करता येते. मंडळात किमान तीन सदस्य असतात व त्यांत शाळेशी संबंध नसलेली सामान्य व्यक्ती असावीच लागते. मूल अपेक्षित पात्रतेचे आहे काय, याचा पुरावा मंडळ पाहू शकते. परंतु स्थानिक फेरविचार आधीच झालेला असेल, तर तो न्याय्य, सुसंगत व वस्तुनिष्ठ रीतीने झाला की नाही, एवढेच त्याने तपासावयाचे असते. म्हणजे गुणांना हात न लावताही पद्धतीची तपासणी होऊ शकते, आणि ती पालकाच्या समक्ष होऊ शकते.

या विवेचनावरून एक निष्कर्ष निघतो. जेथे परीक्षा एकदाच देता येते, तेथे पुनर्मूल्यांकन नाकारणे एक वेळ समर्थनीय ठरेल. कारण अमर्याद फेरतपासणीने कोणताच निकाल कधी स्थिर होणार नाही. परंतु ज्याला पुन्हा संधी नाही, त्याला निदान कारण कळलेच पाहिजे. स्वतःची उत्तरपत्रिका, उत्तरसूची आणि आपल्या वर्गातील शेवटच्या निवडलेल्या उमेदवाराचे गुण, या तीन गोष्टी समोर असतील तर बहुतेक तक्रारी उद्भवणारच नाहीत आणि ज्या उद्भवतील त्या नेमक्या असतील. सालेकसा किंवा देवरी तालुक्यातील एखाद्या पालकाने हे तीन कागद मागण्यासाठी दोन-दोन अपिले करावीत आणि तोवर शाळेचे वर्ष उलटून जावे, यात परीक्षेची प्रतिष्ठा वाढत नाही. हे कागद निकालाबरोबरच त्याच्या हाती पडावेत, ही मागणी दयेची नसून परीक्षाशास्त्राचीच आहे.